उचंत खात्यातला एक तास

बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला कोऱ्या वहीत उभ्या रेघा मारल्याशिवाय कुठल्याच गोष्टीचा विचार करता येत नाही. भाचीचं लग्न असो, गावच्या घराची कौलं बदलायची असोत की कादंबरीचं नवं प्रकरण असो, माझ्यापुढे आधी चार रकाने उभे राहतात. त्यामुळे २०२४च्या सप्टेंबरात एका रविवारी सकाळी टोकियोहून नातवाचा फोन आला आणि ‘आजोबा, डिस्नेलँडचा प्लॅन करायचाय, वही घ्या,’ असं त्याने फर्मावलं, तेव्हा वही हाताशीच होती. नोव्हेंबरात आम्ही दोघं तिकडे जाणार होतो. व्हिसाचे कागद अजून पुरते जमले नव्हते. पण नातवाच्या दृष्टीने ती किरकोळ बाब होती.

नातू सात वर्षांचा. जन्म तिकडचाच. टोकियोच्या पूर्व टोकाला एदोगावा नावाचा वॉर्ड आहे. त्यातल्या निशी-कासाई भागात माझा मुलगा दहा वर्षांपासून राहतो. २०००च्या आसपास संगणकाच्या कामासाठी गेलेली भारतीय मंडळी तिथे मोठ्या संख्येने स्थिरावली, त्यामुळे आता तिथे तूरडाळही मिळते आणि गणपतीची आरतीही ऐकू येते. २०१९ साली याच वॉर्डाच्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले, तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या कट्ट्यावर पालिकेत आपलाच माणूस बसल्यासारखा पेढा वाटला गेला होता. पण तूरडाळ मिळते म्हणून भाषा टिकते असं नाही. नातवाला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र तीन भाषांची भेळ होते. आमचा रविवारचा फोन तोवर तीन मिनिटांत आटपत असे. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘शाळा काय म्हणते?’ ‘हो.’ ‘बरं, आजीला देतो.’

डिस्नेलँडच्या वहीने त्या फोनची लांबी चाळीस मिनिटांवर नेली. हा गडी मला नकाशाचे फोटो पाठवी, मी त्यांचे छापील कागद काढून आणी, आणि मग सुरू होई घासाघीस. सकाळी आधी कुठे धावायचं, दुपारची मिरवणूक कुठून बघायची, आजीच्या गुडघ्यांना कुठे बसवायचं. जपानीत रांगेत उभं राहण्याला ‘नाराबू’ म्हणतात. नातवाने त्याला परस्पर मराठी क्रियापद करून टाकलं होतं. ‘आजोबा, इथे आपण नाराबायचं. इथे नाही नाराबायचं, इथे पास घ्यायचा.’ तिसऱ्या रविवारपर्यंत मीही नाराबायला लागलो. ही मला म्हणाली, ‘अहो, दूध संपलंय,’ तर मी म्हणालो, ‘थांब, डेअरीवर नाराबून येतो.’

या नियोजनाला एक जुनं देणंही चिकटलेलं होतं, ते सांगून टाकतो. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. १९९६पर्यंत मुलाच्या वर्गातली बहुतेक पोरं तिथे जाऊन आली होती. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. ‘वार्षिक हिशेब संपू देत, मे महिन्यात जाऊ,’ असं मी कबूल केलं होतं. त्याने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर बेत लिहून काढला होता: डोंबिवलीहून किती वाजताची लोकल, दादरला गाडी बदलायची, बोरिवलीहून बस, मग खाडीतून लाँच. मेच्या पहिल्या आठवड्यात माझी परभणीला बदली झाली. बेत वहीतच राहिला. त्याने पुन्हा कधी आठवण करून दिली नाही आणि मीही विषय काढला नाही. बापलेकांत असे पुष्कळ व्यवहार खतावणीत न चढता राहून जातात.

असो. सांगत होतो ते नियोजनाचं. वाचकांपैकी कुणी म्हणेल, जत्रेला जायला वही कशाला लागते? उठावं आणि जावं. आपल्याकडच्या जत्रेचं ते खरंच आहे. इथे मात्र तिकीट तारखेचं असतं, दोन महिने आधी विक्रीला निघतं, आणि दिवसाच्या गर्दीप्रमाणे त्याचा भाव बदलतो. ऑक्टोबर २०२३पासून मोठ्या माणसाच्या एका दिवसाच्या तिकिटाचे दर ७,९०० ते १०,९०० येन असे झाले. आम्ही गेलो तेव्हा येनला साधारण पंचावन्न पैसे पडत होते, म्हणजे वरच्या टोकाला माणशी सहा हजार रुपये. १९८३ साली हेच तिकीट ३,९०० येनला होतं. एवढं देऊन आत गेल्यावर एकेका खेळासाठी तास-दीड तास उभं राहावं लागतं. तेव्हा कुठल्या रांगेत किती आयुष्य घालवायचं याचा विचार आधी केलेला बरा.

गर्दी तरी किती? डिस्नेलँड आणि शेजारचं डिस्नेसी ही दोन्ही उद्यानं मिळून २०१८-१९ या वर्षात तीन कोटी पंचवीस लाखांवर लोक येऊन गेले. मग करोना आला, उद्यानं काही महिने बंद राहिली. पुन्हा उघडल्यावर मालकांनी रोजची माणसं मुद्दाम आवरती ठेवली. गर्दी कमी आणि माणशी उत्पन्न जास्त, असा हिशेब. तरीही २०२३-२४ मध्ये पावणेतीन कोटी लोक आलेच. हे मालक कोण, तेही ऐकण्यासारखं आहे. नाव अमेरिकेचं असलं तरी टोकियो डिस्नेलँड अमेरिकन कंपनीच्या मालकीचं नाही. ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी ते बांधते, चालवते, आणि अमेरिकेला नावाचं स्वामित्वधन देते. भांडवलाची जोखीम याची आणि रॉयल्टी त्याची. असा करार कर्जमंजुरीसाठी माझ्या टेबलावर आला असता तर मी तो तीनदा परत पाठवला असता. कदाचित म्हणूनच मी शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो.

आणि नाव टोकियो असलं तरी जागा टोकियोत नाही. ती पलीकडे चिबा प्रांतातल्या उरायासू गावात आहे. निशी-कासाईहून बसने कासाई-रिंकाई-कोएन स्टेशन, तिथून जुनी एदो नदी ओलांडली की पुढचंच स्टेशन माइहामा. मुलाच्या घरापासून म्हणाल तर हाकेच्या अंतरावर. दहा वर्षं तो त्या वस्तूच्या शेजारी राहत होता आणि तोवर फक्त एकदाच गेला होता, तेही कचेरीच्या सहलीबरोबर.

वहीतले रकाने भरता भरता पहिला मोठा वाद उभा राहिला तो पैसे देऊन रांग टाळण्याचा. पूर्वी इथे फुकटचे कागदी पास मिळत, ते बंद झाले. मे २०२२पासून ‘प्रीमियर ॲक्सेस’ नावाची सोय आली. काही ठरावीक खेळांसाठी माणशी दीड ते अडीच हजार येन जास्तीचे मोजायचे, ठरलेल्या वेळेला जायचं आणि थेट पुढे निघायचं. शिवाय दुसऱ्या काही खेळांसाठी एक फुकटचा पासही होता, तोही मोबाईलवरच आणि आत शिरल्यावरच मिळणारा. चिरंजीवांचं मत, ‘बाबा, सगळीकडे पैसे भरू. तुम्ही दोघं एवढ्या लांबून येताय, उभं कशाला राहायचं?’ नातवाचं मत एकदम उलट. ‘नाराबलं नाही तर ते खरं नसतं.’ हे त्याने शाळेत ऐकलं होतं की स्वतःचं काढलं होतं, कोण जाणे.

मला दोघांचंही पटत होतं. आमच्या बँकेत संगणक येण्यापूर्वी पासबुक भरून घ्यायला पन्नास माणसं उभी असत. आणि त्याच वेळी एखादा व्यापारी माझ्या केबिनमध्ये चहा पीत बसलेला असे, त्याचं पासबुक शिपाई आतूनच भरून आणी. रांगेतले लोक काचेतून बघत. त्यांच्या नजरा मला अजून आठवतात. इथे निदान दर लावलेला आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे. ओळखीने काही होत नाही, ही सुधारणाच म्हणायची. पण बाजूच्या मोकळ्या वाटेने पुढे जाणाऱ्या कुटुंबाकडे रांगेतलं पोर ज्या डोळ्यांनी बघतं, ते डोळे तेच. शेवटी तडजोड झाली. ‘ब्युटी अँड द बीस्ट’ या २०२० साली सुरू झालेल्या खेळापुरते पैसे भरायचे, कारण तिथे आजी बसू शकणार होती. बाकी सगळीकडे नाराबायचं. जाता जाता सांगतो, ते जादा पैसे भरायला माझं कार्ड चालावं म्हणून मी इथल्या एका बँकेत तीन चकरा मारल्या आणि तरी ते चाललं नाही. बँकेचं नाव सांगत नाही. शेवटी सूनबाईंचं जपानी कार्ड उपयोगी पडलं.

दुसरा वाद डब्याचा. हिला मधुमेह आहे. बाराच्या ठोक्याला पोटात काही गेलं नाही तर हात थरथरू लागतात. आणि उद्यानात बाहेरचं जेवण न्यायला बंदी. पाण्याची बाटली चालते, डबा चालत नाही. हे ऐकल्यावर हिने सहलीतूनच अंग काढून घेतलं. ‘तुम्ही जा, मी घरी बसते. दशम्या नेता येत नाहीत अशी कसली सहल?’ गंमत म्हणजे जपानी माणूस आपल्याइतकाच डबेवाला. बेंतो, म्हणजे घरचा डबा, हा तिकडे सहलीचा आत्मा. तरीही उद्यान सुरू झालं तेव्हा मालकांनी हा नियम धरला, कारण आत गेलेल्या माणसाला बाहेरचं जग विसरायला लावायचं तर त्याच्या मांडीवर घरचा डबा नको. मात्र प्रवेशद्वाराबाहेर डबा खाणाऱ्यांसाठी बाकं-टेबलं मांडून वेगळी जागा ठेवली. त्याच दिवशी बाहेर येऊन परत आत जाता येतं. सूनबाईंनी हे शोधून काढलं आणि वहीत नोंद झाली: १२.१५, बाहेर, दशम्या व शेंगदाण्याची चटणी.

राहता राहिला तो दुपारी तीन ते चारचा तास. नातवाने त्यात चार वेळा चार वेगवेगळे खेळ घातले आणि चारही वेळा ते जमेनात. मी तिथे ‘उचंत’ असं लिहिलं. बँकेत एखाद्या रकमेचं काय करायचं ते लगेच कळत नाही. पैसे आलेत, पण कुणाचे, कशापोटी, याचा मेळ लागत नाही. मग ती रक्कम उचंत खात्यात टाकतात. मेळ लागला की तिथून योग्य खात्यात वळवायची. नातवाला हे समजावून सांगायला एक अख्खा रविवार गेला. मग त्याला ते इतकं आवडलं की न आवडणारी भाजीही तो ताटात ‘उचंत’ म्हणून बाजूला ठेवू लागला, अशी सूनबाईंची तक्रार आली.

नोव्हेंबरात पोहोचल्यावर ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशी मी आणि सूनबाई उरायासूचं स्थानिक संग्रहालय बघायला गेलो. तिला जपानी वाचता येतं, हे माझं नशीब. तिथे आवारात १९५२ सालचं गाव उभं केलं आहे. लाकडी घरं, मासळीचं दुकान, कालव्यात बांधलेल्या ‘बेका’ नावाच्या सपाट बुडाच्या लहान होड्या. उरायासू हे कोळ्यांचं गाव होतं. उथळ खाडीत शिंपल्या आणि ‘नोरी’ हे समुद्री शेवाळ, यांवर गावाची गुजराण. शूगोरो यामामोतो हा कादंबरीकार तरुणपणी, १९२०च्या दशकात, तिथे येऊन राहिला, आणि पुढे तीसेक वर्षांनी त्याने त्या दिवसांवर ‘आओबेका मोनोगातारी’, म्हणजे निळ्या होडीची गोष्ट, लिहिली. आपल्या धंद्यातला माणूस भेटल्यासारखं वाटलं. एवढी वर्षं त्यानेही ती होडी उचंतात ठेवलेली होती.

१९५८ साली नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कागद कारखान्याचं काळं पाणी खाडीत उतरलं, मासळी मेली, आणि उरायासूचे कोळी चिडून थेट कारखान्यात घुसले. त्या प्रकरणानंतर त्याच वर्षी जपानचे पाणी-प्रदूषणाचे पहिले कायदे झाले. पण खाडी वाचली नाही. १९६२ साली कोळ्यांनी मासेमारीच्या हक्कांचा काही भाग सोडला, १९७१मध्ये उरलेलाही सोडला. १९६४पासून भराव पडू लागला आणि गाव चौपट झालं. साडेचार चौरस किलोमीटरचं सतरा झालं. त्या भरावावर डिस्नेलँड आहे. आम्ही तिकिटाचे दोन महिने मोजत होतो. केइसेइ रेल्वेचे अध्यक्ष चिहारू कावासाकी यांनी अमेरिकेतलं डिस्नेलँड पाहिलं ते १९५८मध्येच. कंपनी निघाली १९६०मध्ये, अमेरिकेशी करार १९७९ला, आणि दार उघडलं १५ एप्रिल १९८३ रोजी. पंचवीस वर्षांचं नियोजन! माझा जन्मही १९५८चा, म्हणून हे आकडे डोक्यात बसले.

त्या होड्यांपाशी मला पनवेलची शाखा आठवली. जमिनीच्या मोबदल्याचे चेक घेऊन आलेली माणसं काउंटरपुढे उभी राहत आणि मुदत ठेवीचा फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्याशी अडखळत. काय लिहावं? आम्ही कारकून मंडळी सांगत असू, काहीही लिहा. इथल्या बँकांतही असेच काउंटर, असेच रकाने असतील. सूनबाईंना म्हटलं, ही माहिती नातवाला आज नको सांगायला. तिने मान डोलावली. पुढे कधीतरी.

आदल्या रात्री मुलाने एक गोष्ट सांगितली. ११ मार्च २०११च्या भूकंपाच्या वेळी दोन्ही उद्यानांत मिळून सुमारे सत्तर हजार माणसं होती. भरावाची जमीन हादऱ्याने पाण्यासारखी पातळ झाली. उरायासूतले रस्ते खचले, उद्यानाच्या वाहनतळावर चिखल उसळला. पण उद्यानाच्या आतली जमीन टिकली, कारण बांधकामापूर्वीच तिच्या पोटात वाळूचे खांब ठोकून ती घट्ट केलेली होती. दुकानांतल्या कर्मचाऱ्यांनी विक्रीची मऊ खेळणी लोकांना वाटली, डोक्यावर धरायला. हजारो लोकांनी रात्र तिथेच काढली. महिनाभराने, १५ एप्रिलला, म्हणजे वाढदिवसालाच, डिस्नेलँड पुन्हा उघडलं. हे ऐकून ही म्हणाली, ‘मग मी येते.’ दशम्यांनी जे साधलं नव्हतं ते वाळूच्या खांबांनी साधलं.

आता प्रत्यक्ष दिवस. पावणेसातला घर सोडलं, सव्वासातला दारात. आमच्या आधी निदान दोन हजार माणसं चटया पसरून शांत बसलेली. कुणी ढकलत नाही, कुणी ‘जरा माझी जागा बघा हं’ म्हणून सटकत नाही. दार उघडल्यावर नातवाने मोबाईल आपल्या बापाच्या हातून घेतला आणि ‘पूह’चा फुकट पास मिळवला. पूहच्या खेळातली मधाची मडकी रुळांवरून जात नाहीत; मोकळ्या जमिनीवर आपल्या मर्जीने भिरभिरतात, एकमेकांना वाट देतात. ही त्यात लहान मुलीसारखी हसली. वहीत त्या खेळापुढे मी पाच मिनिटं धरली होती, तीही बरोबर निघाली. साडेदहापर्यंत जमाखर्चाचा मेळ बिनचूक होता.

मग ‘बिग थंडर माउंटन’. खाणीतली आगगाडी पळत सुटते, असा खेळ. फलकावर पंचाहत्तर मिनिटं लिहिलेली. सासू-सून बाकावर, आम्ही तीन पिढ्या रांगेत. रांग इतकी वळणं घेते की तीच माणसं चार-चारदा समोरून जातात. तिसऱ्या खेपेला आपण त्यांना मान डोलावू लागतो. नातू सांगत होता, आम्ही ऐकत होतो. त्याच्या वर्गात कोण कुणाशी भांडतं. जपानी आजी आपल्या नातवाला काय म्हणते. त्याला मराठीत ‘ळ’ का म्हणता येत नाही. मग आम्ही तिघांनी ‘काळं बाळ केळं’ असा जप केला आणि पुढचं जपानी जोडपं वळून हसलं. पंचाहत्तर मिनिटांनंतर गाडीत बसलो. ती चारेक मिनिटांत संपली. त्या चार मिनिटांत मी डोळे मिटलेले होते, त्यामुळे खेळाबद्दल काही लिहू शकत नाही.

बाहेर येईपर्यंत पावणेबारा. बाहेरच्या जागेत पोहोचेपर्यंत साडेबारा आणि हिचे हात थरथरायला लागलेले. दशमी मोडून आधी तिच्या तोंडात घातली. शेजारच्या टेबलावर एक जपानी आजी केळीच्या आकाराचा डबा उघडून बसली होती. तिने काही न बोलता दोन संत्री सोलून पुढे केली. हिने चटणीची पुडी दिली. दोघी एकमेकींच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून बराच वेळ बोलल्या, एक मराठीत आणि एक जपानीत.

त्यानंतर वही कोलमडली. अर्ध्या तासाचं जेवण सव्वा तासाचं झालं. पैसे भरून घेतलेली ‘ब्युटी’ची वेळ आम्ही धापा टाकत गाठली. फिरणाऱ्या कपांत बसून नाचताना हिचा गुडघाही विसरला, तेव्हा ते पैसे वसूल झाले. पण पुढची तीन कलमं हुकली. तीन वाजता, म्हणजे बरोब्बर उचंत खात्यात, आम्ही मिरवणुकीच्या वाटेवर चटई पसरून बसलो. इथे मिरवणुकीच्या तासभर आधीपासून चटई टाकायला परवानगी असते. आम्ही त्याही आधी पोहोचलो होतो, म्हणून वेळ होईपर्यंत चटई गुंडाळून कडेला उभे राहिलो. सासू-सून कॉफी आणायला गेल्या. नातू पहाटे पाचपासून जागा होता. चटई पसरली तशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्याने जी मान टाकली, ती मिरवणूक निघून गेली तरी उचलली नाही.

मुलगा झाडाखाली उभा राहून फोनवर बोलत होता. रजा घेतली होती त्याने. पण तीनला कसलीशी मीटिंग होती, ती त्याने घरात कुणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या हाताने कान झाकलेला, चेहरा ओढलेला, मधूनच आमच्याकडे बघून ‘आलोच’ असा हात. मला राग यायला हवा होता. मार्च महिन्यात मी असाच दिसत असणार. झाडलोट करणारा एक तरुण जवळ आला. त्याने झाडूचं टोक पाण्यात बुडवून फरशीवर सात-आठ फटकारे मारले आणि मिकी उंदीर उभा केला. मी नातवाला उठवायला गेलो, पण हात आवरला. ऊन होतं. मिकीचा एक कान वाळला, मग दुसरा.

मुलगा परत येऊन चटईवर बसला. चपला काढल्या, पाय पसरले.

‘झालं?’ मी विचारलं.

‘झालं तेवढं झालं.’ मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, ‘बाबा, त्या वहीत मी लाँचचं भाडंसुद्धा विचारून लिहिलं होतं. शेजारच्या काकांना विचारून.’

कुठली वही, असं मी विचारलं नाही. ‘आहे का रे ती अजून?’

‘रद्दीत गेली असेल. परभणीला सामान हलवताना.’

‘मला तेव्हा सांगता आलं असतं साहेबांना,’ मी म्हणालो. ‘चार दिवस उशिरा हजर होतो म्हणून. लोक सांगायचे. मी विचारलंच नाही.’

त्याने त्यावर काही उत्तर दिलं नाही. मिरवणूक समोरून जात होती, बायका-पोरं हात हलवत होती. त्याने नातवाच्या पायातले बूट हळूच काढले आणि चटईच्या कडेला नीट जोडीने ठेवले.

संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला. रात्रीची आतषबाजी वाऱ्यामुळे रद्द झाल्याचं जाहीर झालं. खाडीकाठी हे नेहमीचंच. नातवाच्या वहीतलं ते शेवटचं आणि तीनदा अधोरेखित केलेलं कलम. तो रडेल असं वाटलं होतं. त्याने फक्त त्यापुढे पेन्सिलने ‘उचंत’ लिहिलं. मराठीत. ‘च’ उलटा पडला होता.

माइहामाच्या फलाटावर गाडीची वाट बघताना तो पूर्ण जागा झाला आणि प्रश्नांना तोंड फुटलं. चटईवरचं बोलणं त्याने झोपेत कितपत ऐकलं होतं, देव जाणे.

‘बाबा, मग तू त्या होडीच्या डिस्नेलँडला कधीच नाही गेलास?’

‘गेलो ना. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मित्रांबरोबर.’

हे मला आजवर ठाऊक नव्हतं. मी हिच्याकडे बघितलं. ती समोरच्या रुळांकडे बघत म्हणाली, ‘मला माहीत होतं. तुम्हाला सांगू नकोस म्हणाला होता.’

‘किती वेळ नाराबलास?’ नातवाने विचारलं.

‘फार नाही. वीसेक मिनिटं.’

‘एवढंच?’ नातवाला बापाची दया आली असावी. त्याने त्याचा हात धरला. मग गाडी आली. नदीवरच्या पुलावरून जाताना कासाईचा मोठा पाळणा दिव्यांनी उजळलेला दिसला. निशी-कासाईची बस नऊ चाळीसची होती. संध्याकाळच्या रकान्यातली तेवढी एक नोंद बरोबर निघाली.